व्याह्यांचं अर्धं वाक्य

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. छापखान्यात मुद्रितशोधक होतो. लेखकाने लिहावं, जुळवणाऱ्याने जुळवावं आणि मी लाल पेनाने त्यातले वेलांट्या-उकार सरळ करावेत, असा धंदा. माझ्या मागे सगळे मला 'ह्रस्वदीर्घ' म्हणत. काही जण तोंडावरही म्हणत, कारण मला त्याचा राग येत नसे. उलट छाती दोन इंच फुगायची. लग्नपत्रिका हातात आली की मला आधी चूक दिसायची आणि मग नवरा-नवरी. औषधाच्या खोक्यावर, दुकानाच्या पाटीवर, बँकेच्या अर्जावर, जिथे नजर जाईल तिथे बोट आपोआप चुकीवर पडायचं. निवृत्त झालो तरी ते थांबलं नाही. "जित्याची खोड," आमची ही म्हणते, आणि पुढचं म्हणत नाही, कारण पुढे मरण येतं.

ह्या खोडीपायी मी एका भल्या माणसाचं वाक्य अर्ध्यात तोडलं. त्याची माफी मागावी आणि ते वाक्य शेवटपर्यंत ऐकून घ्यावं, एवढ्यासाठी मी म्हातारपणी कोरियन भाषा शिकलो. त्याचं काय झालं ते सांगतो.

आमची मुलगी एकुलती एक. नोकरीसाठी कोरियात गेली, तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं. आठ वर्षांपूर्वी लग्न ठरलं तेव्हा व्याही आणि विहीणबाई आम्हाला भेटायला घरी आले. बैठकीच्या खोलीत आमच्या चार खुर्च्या, शेजाऱ्यांच्या दोन, दिवाणावर माझा मेहुणा आणि त्याची मंडळी. व्याही माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम केलेलं, बोटं जाड, नखांच्या कडा काळ्या पडलेल्या. पण कोट कडक इस्त्रीचा. चहा यायच्या आधीच ते उठून उभे राहिले. खिशातून एक कागद काढला, घसा साफ केला आणि चक्क मराठीत बोलायला लागले.

"नमस्कार. मी तुमच्या घरी आले. मला फार आनंद झाला. मी जास्त शिकले नाही. पण मी तुम्हाला एक गोष्ट सांगायला आले, की तुमची मुलगी..."

तेवढ्यात मी फुटलो. मला आवरलंच नाही. "अहो, आले काय, आले! आलो म्हणा, आलो! तुम्ही व्याही आहात की विहीणबाई?"

दिवाण हसला, खुर्च्या हसल्या, मेहुण्याला तर ठसका लागला. आमची मुलगी तेवढी हसली नाही. व्याह्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने हळू आवाजात त्यांना काहीतरी समजावलं आणि त्यांचे कान लाल झाले. बरं, मी इथे तरी थांबावं की नाही? मी त्यांच्या हातातून कागद घेतला. खिशात लाल पेन होतंच. म्हटलं, दुरुस्त करून देतो. पाहतो तर कागदावर मराठी उच्चार त्यांच्या लिपीत लिहिलेले, सगळी गोलं आणि काड्या. "ह्यात काय दुरुस्त करणार कपाळ," असं म्हणून मी तो परत दिला. त्यांनी त्याची नीट घडी घातली, खिशात ठेवली, मान लववली आणि खाली बसले. त्यानंतर त्यांनी मराठीचा एक शब्द काढला नाही.

सगळे गेल्यावर मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, तीन महिने शिकत होते ते. रोज कामावरून आल्यावर. माझ्याकडून शिकले, म्हणून मी बोलते तसं बोलले. मी मुलगी आहे ना."

"मग तू चुकीचं शिकवलंस," मी म्हणालो.

असा मी. नंतर मी तिला दोनतीनदा विचारलं की पुढे काय होतं त्या कागदावर. तिलाही ठाऊक नव्हतं. शब्द तिने शिकवले होते, पण भाषण त्यांनी स्वतः रचलं होतं आणि तिलाही दाखवलं नव्हतं. पुढची आठ वर्षं व्हिडिओ कॉलवर ते यायचे, 'हॅलो' म्हणायचे, मान लववायचे आणि हळूच चौकटीबाहेर सरकायचे. मला वाटायचं, माणूस अबोल आहे.

खरं सांगायचं तर कोरियन मी त्यांच्यासाठी सुरू केली नव्हती. नातीसाठी केली. छोटी सहा वर्षांची. आई तिच्याशी मराठी बोलते, तिला सगळं कळतं, पण उत्तर मात्र कोरियनमध्येच येतं. एकदा तिने मला पडलेल्या दाताची भलीमोठी हकीकत सांगितली. दात कुठे सापडला, कुणाला दाखवला, हातवारे करकरून. मी आपला, "हो का? अरे वा! हो का?" मग तिने आईला काहीतरी विचारलं आणि आई हसून गप्प बसली. मी हट्टच धरला तेव्हा म्हणाली, "बाबा, ती विचारतेय, आजोबांना बोलता येतं ना?"

दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागलो. आधी 'तीस दिवसांत कोरियन' असं एक पुस्तक आणलं. त्यात पहिल्या सात पानांत नऊ चुका निघाल्या, त्या मी प्रकाशकाला कळवल्या आणि पुस्तक बंद केलं. मग फोनमध्ये एक ॲप घेतलं. ते मला रोज सकाळी 'अस्वल दूध पितं' आणि 'माझ्या काकांकडे तीन छत्र्या आहेत' अशी वाक्यं शिकवायचं. ही वाक्यं मी जगात कुणाला सांगायला जाणार होतो? मालिका पाहून भाषा येते असं कुणीतरी म्हणालं, म्हणून आम्ही दोघं जेवताना कोरियन मालिका लावायला लागलो. आमची ही दोन आठवड्यांत सासू-सुनांचे सगळे डाव ओळखायला लागली, तेही आवाज बंद करून. मी तळाच्या ओळींमधल्या चुका मोजत बसलो. घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. कपाटावर कपाट, खिडकीवर खिडकी, आरशावर आरसा. "माझ्या पाठीवरही एक चिकटवा," ही म्हणाली, "म्हणजे विसरायला नको कोण आहे ते."

लिपी मात्र मला दोन दिवसांत आली आणि मी तिच्या प्रेमातच पडलो. गोल, काडी, आडवी रेघ, एकेक अक्षर चौकोनात नीट बसवलेलं. ज्याने ती बसवली तो माझ्या जातीचा माणूस असणार, चुका न खपणारा. आणि वाक्य? कर्ता आधी, क्रियापद शेवटी, अगदी आपल्यासारखं. मान देऊन बोलायच्या पायऱ्या तर आपल्याहून जास्त. सगळ्यात मोठा आनंद झाला तो 'सादोन' ह्या शब्दाचा. सादोन म्हणजे व्याही! आपल्या मुलीच्या सासऱ्याला हाक मारायला ज्या भाषेत खास शब्द आहे ती परकी कशी म्हणायची? त्यांच्यात म्हणे एक म्हणही आहे, व्याह्याचं घर आणि संडास लांब असलेले बरे. ती मी हिला वाचून दाखवली. ही म्हणाली, "त्यांना अनुभव आलेला दिसतो."

मग क्लास लावला. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरची खोली, खालून दिवसभर किल्ली घासल्याचा आवाज. वर अकरा तरुण मुली, बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई आणि मी. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीएवढ्या, तिकडे पाच वर्षं राहून आलेल्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "कोरियन माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचं. हो आहे की नाही आहे, ते शेवटच्या अक्षरात कळतं. मधेच तोडायचं नाही." मी लगेच हात वर करून सांगितलं की मराठीतही तसंच आहे. किती शहाणा मी!

तिसऱ्या महिन्यात बाईंनी घरच्या माणसांची ओळख करून द्यायला सांगितली. मी मुलींकडे पाहून, मालिकांत ऐकून तयारी केली होती. उभा राहिलो आणि माझ्या थोरल्या भावाबद्दल पाच वाक्यं खणखणीत म्हटली. भावाला 'ओप्पा' म्हटलं. दुसऱ्या वाक्याला एक मुलगी खुदकन हसली, तिसऱ्याला सगळा वर्ग. बँकेतल्या बाई तोंडावर रुमाल धरून हसत होत्या.

"काका," शिकवणाऱ्या बाई स्वतःचं हसू दाबत म्हणाल्या, "थोरल्या भावाला 'ओप्पा' फक्त बायका म्हणतात. पुरुषाने वेगळा शब्द वापरायचा. तुम्ही आत्ता मुलगी झालात."

माझे कान तापले. मी बसलो. पोरींचा काही दोष नव्हता, वय हसायचं होतं. पण क्लास सुटल्यावर जिना उतरताना मी थांबलो. मधल्या पायरीवर बसलो. बायकांकडून भाषा शिकलेला म्हातारा पुरुष, बायकी शब्द, आणि खोलीभर हसू. मला आमची बैठकीची खोली दिसली. त्या माणसाला तर अनोळखी देशात, मुलाच्या होणाऱ्या सासऱ्यासमोर, स्वतःच्या बायकोसमोर ते ऐकावं लागलं होतं. आणि माझी पाच वाक्यं निदान पुरी झाली होती.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आठ वर्षांनी का होईना, उजेड पडला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरोबर दिसायचं तुम्हाला."

"मी त्यांची माफी मागणार आहे."

"मागा. रविवारी पोरीचा फोन येईल तेव्हा बोला मराठीत, ती सांगेल त्यांना."

"माझी माफी पोरीच्या तोंडून? हसलो मी होतो ना? मी त्यांच्या भाषेत मागणार. एकही चूक न करता."

"ती चूक न करण्याची हौस आधी बाजूला ठेवा," ही म्हणाली. तेव्हा ऐकायला हवं होतं.

वाक्यं दोनच. 'तेव्हा मी हसलो, त्याची माफी मागतो. मी शेवटपर्यंत ऐकून घ्यायला हवं होतं.' बाईंनी ती मला आठवड्याभरात बांधून दिली. पण त्यात एक गोम होती. त्यांच्यात हसणं आणि रडणं ह्यांच्यात एका अक्षराचा फरक. 'हसलो म्हणून' म्हणजे 'उसॉसॉ', आणि 'रडलो म्हणून' म्हणजे 'उरॉसॉ'. माझी जीभ मधेच घसरायची. तेव्हा मी रडलो त्याची माफी मागतो! असं काही निघून गेलं तर? मी रोज सकाळी आरशासमोर उभा राहून उसॉसॉ, उसॉसॉ घोकायचो. बाई म्हणाल्या, "काका, छान जमतंय, करा आता फोन." मला पटेना. दहात एकदा घसरत होतं. मी चाळीस वर्षं दहात एक चूक खपवून घेतली नव्हती. म्हटलं, अजून एक महिना. मग अजून एक. मुलीला ह्यातलं काही कळू दिलं नाही.

आणि एका रविवारी मुलीचाच फोन आला. व्याह्यांचा आवाज कित्येक दिवस बसलेला होता, तो सर्दीचा नव्हता. घशात गाठ निघाली. आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. "जीव वाचेल, बाबा," ती म्हणाली, "पण आवाज जाईल. पुन्हा येणार नाही. ह्याच आठवड्यात ऑपरेशन आहे, दिवस अजून ठरायचाय."

मी त्याच दुपारी व्याह्यांना मेसेज केला. आयुष्यातला पहिला. एकेक अक्षर चौकोनात बसवत पाऊण तास लागला. 'मी सादोन. मी कोरियन शिकतो आहे. मला तुम्हाला काही सांगायचं आहे. माझ्या तोंडाने. मी फोन करीन.'

सोमवारी सकाळी उत्तर आलं. तीन ओळी. मी चष्मा पुसला आणि शब्द न् शब्द स्वतः लावला. भाषांतर करणारं यंत्र फोनमध्येच होतं, एक बोट लावलं असतं तर झालं असतं. पण ते वाक्य मला लिहिलेलं होतं, यंत्राला नाही. पहिली ओळ, 'साहुल दिवसांनी ऑपरेशन आहे', असं काहीतरी. दुसरी, 'त्याआधी फोन करा'. तिसरी वाचून मी खुर्चीतून उठलो. 'मलाही काही सांगायचं आहे.'

म्हणजे ते राहिलेलं वाक्य! दुसरं काय असणार?

आता हे 'साहुल'. शब्द मी शिकलो नव्हतो, पण 'इथुल' शिकलो होतो. इथुल म्हणजे दोन दिवस. त्यांच्या आकड्यांत 'ई' म्हणजे दोन, म्हणून इथुल. 'सा' म्हणजे चार. तेव्हा साहुल म्हणजे चार दिवस. ह्यात शंका घ्यायला जागा कुठे होती? सोमवारपासून चार, म्हणजे शुक्रवार. बुधवारी क्लासमध्ये बाईंकडून वाक्यं शेवटची तपासून घ्यायची आणि गुरुवारी सकाळी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, फोन करायचा. तोपर्यंत उसॉसॉ पक्कं होईल.

मंगळवारी मी बाजारातून आलो तर ही म्हणाली, "पोरीचा फोन आला होता. गुरुवारी आहे म्हणे ऑपरेशन."

"शुक्रवारी."

"अहो, तिने गुरुवार सांगितलं."

"तू ऐकण्यात चुकलीस, नाहीतर ती सांगण्यात. माझ्याकडे खुद्द त्यांच्या हातचं लिहिलेलं आहे. मूळ प्रत समोर असताना ऐकीव कोण धरतं?"

"तरी एकदा विचारून घ्या ना."

"मी वाचलंय म्हणतो ना!"

ती गप्प बसली. माझ्यापुढे गप्प बसायची तिला सवय आहे, ही काही माझ्या मोठेपणाची गोष्ट नाही. त्या वेळी मला वाटलं, वाद जिंकलो.

बुधवारी बाईंनी वाक्यं ऐकली. दहाच्या दहा वेळा बरोबर. व्याह्यांचा मेसेज मी त्यांना दाखवला नाही; घरची गोष्ट, आणि त्यात मला काही अडलंही नव्हतं.

गुरुवारी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, बैठकीच्या खोलीत उभा राहिलो आणि व्याह्यांचा नंबर लावला. फोन मुलीने उचलला. तिला माझं नाव त्या फोनवर दिसलं म्हणून ती गोंधळली होती.

"बाबा? तुम्ही ह्यांच्या फोनवर? काय झालं?"

"व्याह्यांना दे."

"बाबा, त्यांना सकाळीच आत नेलं. ऑपरेशन चालू आहे. मी आईला सांगितलं होतं ना, गुरुवारी म्हणून?"

मी म्हणालो, "त्यांनी मला साहुल लिहिलंय."

"हो, साहुल. तीन दिवस. सोमवारपासून तीन."

"सा म्हणजे चार."

मग तिला बहुतेक सगळंच समजलं, कारण तिचा आवाज एकदम मऊ झाला. "बाबा, तो आकडा वेगळा आहे हो. चार दिवसांना नाहुल म्हणतात. साहुल म्हणजे तीनच. सगळे चुकतात. इथली शाळेतली पोरंसुद्धा चुकतात."

सगळे चुकतात! मला समजूत घालायला तिला हेच वाक्य सापडावं.

मग तिने एक सांगितलं, ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. बुधवारी दुपारपासून व्याही हॉस्पिटलच्या खाटेवर फोन हातात धरून बसले होते. कुणाशी बोलेनात. आवाज जपून ठेवतोय म्हणाले. विहीणबाईंनी विचारलं, कुणाचा फोन यायचाय, तर म्हणाले, "सादोनचा." सगळ्यांना वाटलं, औषधाने बरळतायत. आठ वर्षांत ज्याच्याशी 'हॅलो'च्या पुढे बोलणं झालं नाही, त्याचा फोन कशाला येईल? संध्याकाळी नर्सने फोन काढून घ्यायला हात पुढे केला तेव्हा त्यांनी आणखी थोडा वेळ मागितला. दोनदा मागितला. ओठ हलत होते म्हणे, काहीतरी पाठ म्हणत असल्यासारखे. मुलगी जवळ गेली तर थांबले.

"मराठी होतं का?" मी विचारलं.

"मला ऐकू आलं नाही, बाबा."

मी खुर्चीत बसलो. ही दारात उभी होती. वरातीमागून घोडं, असं ती म्हणू शकली असती, तेवढा हक्क तिचा होता. ती म्हणाली नाही. पाण्याचा पेला आणून माझ्या हातात दिला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून राहिली.

बारा दिवसांनी डॉक्टरांनी त्यांना बसायची परवानगी दिली तेव्हा मुलीने व्हिडिओ कॉल लावला. व्याही खाटेवर टेकून बसलेले, गळ्याला पट्टी, पट्टीतून नळी, मांडीवर लिहायची पांढरी पाटी. बारीक झाले होते. मला पाहून त्यांनी मान लववली. ह्या वेळी चौकटीबाहेर सरकायला जागा नव्हती.

मी उभा राहिलो आणि दोन्ही वाक्यं म्हटली. एकही चूक झाली नाही. उसॉसॉ अगदी स्वच्छ आलं. व्याह्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी संपेपर्यंत ते तसेच राहिले, आणि संपल्यावरही थोडा वेळ, माझं आणखी काही राहिलं नाही ना ह्याची खात्री करत असल्यासारखे. कुणाचं बोलणं कसं ऐकावं, ते मी सत्तराव्या वर्षी पाहिलं.

मग मी विचारलं. हे वाक्य तयार केलेलं नव्हतं, जसं आलं तसं आलं, त्यात दोन चुका होत्या. "सादोन, तुम्हाला मला काय सांगायचं होतं?"

त्यांनी डोळे उघडले. पेनाचं टोपण काढलं. पेन पाटीवर टेकवलं आणि कितीतरी वेळ तसंच धरलं. एक अक्षर लिहिलं, ते बोटाने पुसलं. मग एकच शब्द लिहिला आणि पाटी माझ्याकडे फिरवली. चेहऱ्यावरून काही समजेना, अर्धा चेहरा पाटीआड. तेवढ्यात नर्स आली, फोन बंद करावा लागला.

शब्द मी कागदावर उतरवून घेतला. 'ग्वेंछानायो.'

संध्याकाळी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "असू दे, असं म्हणतायत, बाबा. आता मनाला लावून घेऊ नका." ही म्हणाली, "बघा, माफ केलं त्यांनी. देवमाणूस आहे." दोघींना मला बरं वाटावं असं वाटत होतं. मला त्यावर विश्वास ठेवायचा होता. पण एकदा अंदाजाने वाचून काय झालं ते मी पाहिलं होतं. बुधवारी कागद घेऊन क्लासला गेलो. मुली निघून जाईपर्यंत थांबलो आणि बाईंपुढे तो ठेवला. ह्या वेळी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. साहुलसुद्धा.

बाईंनी कागद वाचला.

"काका, खरं सांगू? हा शब्द दोन्हीकडे चालतो. तुमच्या पायावर कुणी पाय दिला आणि माफी मागितली, तर तुम्ही हाच शब्द म्हणाल, असू दे, काही झालं नाही. आणि कुणी काही पुढे केलं आणि तुम्हाला ते नको असेल, तरी हाच म्हणाल. नको, राहू दे."

"म्हणजे माफ केलं, असंही होतं."

"हो."

"आणि आता नको सांगायला, राहू दे, असंही."

"तसंही होतं."

"मग ओळखायचं कसं?"

"सोपं असतं," त्या फळा पुसता पुसता म्हणाल्या. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. "आवाजावरून लगेच कळतं. त्यांनी कसं म्हटलं?"

"म्हटलं नाही," मी म्हणालो. "म्हणणार होते. बुधवारी."